ट्रकच्या ट्यूबमधलं होकायंत्र

नवं राज्य झालं आणि रायपुरात ज्याला त्याला साहेब व्हायचे डोहाळे लागले. कालपर्यंत पंख्याखाली झोपा काढणारे एकदम राजधानीचे अधिकारी झाले. आधी खुर्च्या आल्या, मग त्यांच्यासाठी कामं शोधली. त्यातच जलविहार कक्ष नावाचं एक प्रकरण निघालं. राज्याला समुद्र नाही, पण कक्षाला नियमावली पाहिजे. मग कुठल्या तरी किनाऱ्यावरच्या राज्याची नियमावली झेरॉक्स केली, वरचं नाव खोडलं आणि खाली आपला शिक्का मारला. आतला मजकूर जसाच्या तसा. ‘नाविकाने भरती-ओहोटीचे वेळापत्रक जवळ बाळगावे’ हे वाक्य त्यात अजून आहे. आमच्या गंगरेल धरणात भरती दरवाजे बंद केले की येते, एवढं त्यांना कोण सांगणार?

सांगायला गेले आमचे नाना, माझे काका. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत सगळी उमर घालवलेला माणूस. मधली काही वर्षं विशाखापट्टणमला बदली होती. तिथं बंदरात लोखंडी नावांचे सांगाडे जोडताना पाहिले आणि डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. निवृत्त झाल्यावर लोक देवळात बसतात, नाना सिलतऱ्याच्या कारखान्यांत जाऊन बसले. तिथल्या एका रोलिंग मिलच्या सेठनं यार्डातला एक कोपरा दिला, भंगारातले पत्रे दिले, आणि नानांनी शिडाची नाव बांधायला घेतली. लोखंडी. वर वॅगनसारखीच एक छोटी बंद खोप. शीड मी शिवलं. बूढ़ापाऱ्यात माझं शिलाईचं दुकान आहे. दिवसा ब्लाउज आणि रिकाम्या वेळी शीड, असं चाललं होतं. गल्लीतले लोक विचारायचे, “मीनल दीदी, ये किसका पेटीकोट है?”

नाव तयार झाली तेव्हा सेठला कोपरा परत हवा झाला. तिथं नवी भट्टी बसवायची होती. सेठ गोड बोलला, पण सरळ बोलला. नाव पाण्यावर चालवायचा परवाना आणा आणि खुशाल घेऊन जा. परवाना नाही मिळाला तर नाव परत यार्डात आणा, भट्टीची पहिली आहुती तीच. बूढ़ापाऱ्याच्या गल्लीत स्कूटर वळत नाही, तिथं नाव कुठं ठेवणार? म्हणजे परवाना नाही तर नाव नाही.

परवाना द्यायचा होता शरच्चंद्र साहेबांनी. कक्षाचे प्रमुख. भोसल्यांच्या काळापासून रायपुरात असलेलं घराणं, हे ते दर तिसऱ्या वाक्याला सांगायचे. गोव्याला जाऊन शिडाच्या नावेचा कोर्स केला होता, ते दर दुसऱ्या वाक्याला. मराठी गणेशोत्सवापुरती, बाकी सगळी हिंदी.

“नाना, लोहे की नाव नहीं चलेगी,” ते म्हणाले. “लोहा बिजली को खींचता है. और लोहे में कंपास ग़लत बताता है. नियम फ़ाइबर का है.”

“खींचते ते उंची खींचते, साहेब. तुमची डोलकाठी माझ्याइतकीच उंच आहे. वीज वरून आली की तिले पाण्यात जायचं असते. माह्या नावेत तिले रस्ता आहे, डोलकाठीतून पत्र्यात, पत्र्यातून पाण्यात. आपण खोपीत गुपचूप बसायचं, कशाले हात लावायचा नाही. रेल्वेच्या डब्यावर वीज पडते तवा आतले पॅसेंजर मरून राहिले का?”

“और फ़ाइबर?”

“तुमची ती शाळेतली घसरगुंडी! तिच्यात रस्ताच नाही. मग वीज आपला रस्ता आपणच करते. तुमच्या बुडातून बी करेल.”

साहेब लाल झाले. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. हसू आलं तर काय करणार?

“और कंपास?”

“होकायंत्र मी जमवून टाकलं आहे,” नाना छाती काढून म्हणाले. “नाव लाकडी रुळांवर गोल फिरवली, आठी दिशांना चूक पाहिली, बारके चुंबक लावून चूक काढली. माह्या होकायंत्राची गॅरंटी.”

हे खरं होतं. त्या दिवशी तरी खरं होतं. शेवटी साहेबांनी चाचणी ठरवली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, गंगरेलवर. समोरच्या टेकडीपर्यंत जायचं आणि परत यायचं. साहेब आपल्या फायबरच्या नावेतून सोबत येणार आणि डोळ्यांनी पाहणार. विजेचं कलम त्यांनी नानांच्या तोंडी खुलाशावर सोडलं, होकायंत्राचं मात्र चाचणीत बघणार. पास तर परवाना, फेल तर भट्टी.

आता आमची अक्कल ऐका. नाव ट्रेलरवर चढवायला आम्ही दिवस निवडला खंडेनवमीचा. त्या दिवशी सिलतऱ्यात कोणी हत्याराला हात लावत नाही. साखळ्या, क्रेनचे पट्टे, पाने, सगळं धुऊन, हळदकुंकू लावून पूजेला मांडलेलं. उद्या दसरा, ट्रेलर परवा मिळणार नाही, आणि नाव जमिनीवर. नानांनी फोरमनच्या हातापाया पडून पाहिलं. फोरमन म्हणाला, पूजेतला पट्टा उचलला तर वर्षभर यार्डात माणसं कापली जातील.

तेवढ्यात धर्मपाल आला. धर्मपाल म्हणजे यार्डातला क्रेनवाला, नानांचा दोस्त. भंगार उचलायच्या मोठ्या चुंबकावर त्याचं राज्य. पूजाबिजा तो करत नाही आणि त्या संध्याकाळी त्याला दीक्षाभूमीला जायला नागपूरची गाडी पकडायची होती.

“नाना, इतकं काहून रडून राहिले? माह्या चुंबकाची पूजा झालीच नाही. तो मोकळाच आहे. लोखंड आहे ना तुमची नाव? मग ट्रेलर आणा इकडे.”

आणि धर्मपालनं नाव उचलली. वरून ते तव्यासारखं गोल चुंबक खाली आलं, डेकला चिकटलं, करंट सुरू झाला, आणि इतक्या वर्षांची मेहनत खेळण्यासारखी हवेत गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नानांचे डोळे भरून आले. मी नारळ फोडला. होकायंत्र त्या वेळी कुठं होतं? घरी काकूच्या पाटावर, फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. आणि ज्या माणसानं आठही दिशा फिरवून चूक काढली त्याच्याही मनात आलं नाही, की आपण आत्ता अख्खी नाव चुंबकाला घासली. शहाणा माणूस चुकतो तेव्हा टाळ्यांच्या गजरात चुकतो.

गंगरेलला सकाळ स्वच्छ होती. साहेबांची नाव पांढरीशुभ्र, पोटाशी निळा पट्टा. आमची गेरूच्या रंगाची, कारण रंग रेल्वेतून उरलेला. साहेब गळ्यात आपलं गोव्याचं होकायंत्र अडकवून आले होते, डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखं. त्यांनी आमच्या नावेला नाक मुरडलं.

“हे डबडं बुडलं तर मी वाचवायला येणार नाही हं,” या वेळी मराठीत. म्हणजे मनापासून.

“तुमचा टब बुडाला तर आम्ही येऊ,” मी म्हटलं. “आमच्याकडे ट्यूब आहे.”

ट्रकची ट्यूब होती ती, हवा भरलेली, मागे दोरीला बांधलेली. बीरगांवातून आणली होती.

टेकडीपर्यंत मजेत गेलो. टेकडी समोर दिसत होती, होकायंत्राकडे बघायची गरजच नाही. साहेब बाजूबाजूनं येत होते आणि मला वाटलं, झालं, पास. परतीला वळलो आणि मागून आभाळ आलं. ऑक्टोबरातलं वादळ मोठं नीच असतं, सांगून येत नाही. काळा पडदा ओढावा तसा पाऊस आला आणि किनारा, टेकडी, साहेबांची नाव, सगळं पुसलं गेलं.

“चल पोट्टी, शीड उतरव थोडं,” नाना म्हणाले. “आता पाहा माहं होकायंत्र.”

होकायंत्र सांगेल तसं गेलो. पाण्यातून वर आलेलं एक वाळकं झाड डाव्या हाताला गेलं. बऱ्याच वेळानं पुन्हा एक वाळकं झाड डाव्या हाताला आलं. फांदीला निळी पॉलिथिन लटकलेली.

“नाना, हे तेच झाड आहे.”

“गंगरेलात एकच झाड आहे का?”

“पॉलिथिन तीच आहे.”

“पॉलिथिन सगळीकडेच असते!”

तिसऱ्यांदा पॉलिथिन आली तेव्हा नानांनी होकायंत्रावर टिचकी मारली. आम्ही गोल फिरत होतो, घाण्याच्या बैलासारखे. तेवढ्यात समोर पांढरं काहीतरी डुलताना दिसलं. साहेब! शीड उतरवून, ॲल्युमिनियमच्या डोलकाठीला मिठी मारून बसले होते. वर ढग गुरगुरत होते.

“अहो, डोलकाठी सोडा!” नाना ओरडले. “तिले काहून धरून बसले? इकडे या, खोपीत!”

“नियमाप्रमाणे माझी नाव सुरक्षित आहे!”

“नियम भिजून गेला असंल. या ना, भैया!”

जवळच कुठेतरी वीज कडाडली. पाणी पांढरं झालं. भोसल्यांच्या काळापासूनचं घराणं एका उडीत आमच्या नावेत आलं. आम्ही तिघं खोपीत शिरलो, झाकण लावलं, लाकडी फळीवर गुडघे छातीशी घेऊन बसलो. कोणी पत्र्याला हात लावायचा नाही, नानांचा हुकूम. साहेबांची नाव वाऱ्यानं दूर दूर गेली.

मग वीज पडली. असा आवाज मी पुन्हा ऐकू इच्छित नाही. फटीतून पाहिलं. साहेबांच्या डोलकाठीचं टोक गायब, आणि निळ्या पट्ट्याच्या खाली बादली आत जाईल एवढं भोक. त्यातून पाणी आत शिरत होतं, अगदी सावकाश, घाई नसल्यासारखं. नाव एका बाजूला कलली आणि तोंड वर करून अर्धी बुडून राहिली.

साहेबांनीही फटीला डोळा लावला. मग म्हणाले, “मैं वहाँ बैठा था.”

“हव,” नाना म्हणाले. टोमणा मारायची इतकी सुंदर संधी आली होती आणि त्यांनी मारला नाही. मी त्यांना आयुष्यभर माफ करणार नाही.

गडगडाट पुढं सरकला. मग फक्त पाऊस राहिला आणि धुकं, आणि आम्ही खोपीतून बाहेर आलो. दिशा कोणती? साहेबांना आपल्या होकायंत्राची आठवण आली. त्यांनी ते ऐटीत डेकवर ठेवलं. सुई वळली आणि आमच्या होकायंत्राच्या सुईसारखीच डेकच्या मधोमध तोंड करून थांबली. साहेबांनी ते उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवलं. सुईनं परत डेककडेच तोंड केलं.

“मेरा भी ख़राब हो गया! सकाळी तर बरोबर होतं.”

नाना त्या दोन सुयांकडे पाहत राहिले. दोन्ही एकाच जागेकडे बोट दाखवत होत्या. डेकवर जिथं नवा गेरू थोडा खरवडला गेला होता, तिथं.

“धर्मपालचं चुंबक,” ते हळूच म्हणाले. “आपण नावेलेच चुंबक करून टाकलं, मीनल. सुई उत्तर नाही दाखवून राहिली. धर्मपालनं उचललं ती जागा दाखवून राहिली.”

मी नानांना कधी चूक कबूल करताना पाहिलं नव्हतं. रेल्वेनं चौकशी लावली होती तेव्हाही नाही. आणि आत्ता करत होते तर कोणासमोर? परवाना देणाऱ्यासमोर. मला सेठची भट्टी दिसायला लागली.

“मग होकायंत्र लोखंडापासून लांब पाहिजे,” साहेब म्हणाले. गोव्याला काहीतरी शिकले होते तर.

“किती लांब?”

तिघांनीही एकदम मागं पाहिलं. दोरीच्या टोकाला ट्यूब डुलत होती.

“नाही,” साहेब म्हणाले.

“सुकाणू नाना धरतात, शीड मी,” मी म्हटलं. “साहेब, तुम्ही काय धरता?”

मग जलविहार कक्षाचे प्रमुख चपला काढून ट्रकच्या ट्यूबमध्ये बसले. दोरी सैल सोडली, ते मागं मागं गेले, आणि त्यांच्या मांडीवर सुई शहाण्यासारखी उत्तरेला वळली. तिथून ओरडत राहिले, “बाएँ! और बाएँ! नाना, सुनते नहीं क्या? अरे, डावीकडे हो!” इतकी शुद्ध मराठी त्यांच्या तोंडून गणेशोत्सवातही आली नव्हती. लाटेनं तोंडात पाणी जायचं, ते थुंकायचे, आणि परत ओरडायचे. आम्ही मुकाट वळत होतो. त्या दिवशी साहेब पहिल्यांदा काहीतरी काम करत होते आणि ते उत्तम करत होते, हे मला मान्य करावंच लागेल.

घाट दिसला. घाटावर त्यांचा सगळा स्टाफ छत्र्या घेऊन उभा. समोरून धुक्यातून एक गेरूच्या रंगाची नाव आली आणि तिच्या मागं दोरीला बांधलेले साहेब. कोणी हसलं नाही. सगळ्यांनी छत्र्या खाली करून तोंडं झाकली.

साहेब टॉवेल गुंडाळून घाटावरच्या खोलीत बाकावर बसले. कागद पुढं घेतला. नाना समोर उभे, हात मागं बांधून.

“वीज पास. डोळ्यांनी पाहिलं,” साहेब म्हणाले. “लेकिन कंपास...”

“फेल,” नाना म्हणाले. “लिहा. फेलच आहे.”

“नाना!” मी ओरडले. “भट्टी...”

“मीनल, खोटा परवाना घेऊन कोणाले धरणात फिरवू? उद्या एखाद्या लेकराले त्या झाडाभोवती फिरवत बसू?”

साहेब बराच वेळ पेनाचं टोक चावत बसले. मग उठले, खिडकीतून नावेकडे पाहिलं. आमच्या नावेच्या मागं ट्यूब अजून पाण्यावर डुलत होती.

“नियम म्हणतो, नावेसोबत अचूक होकायंत्र असावे. कुठं असावे ते लिहिलेलं नाही,” ते म्हणाले आणि लिहायला लागले. नावेतलं चुंबकत्व उतरून ती पुन्हा आठही दिशांना तपासली जाईपर्यंत होकायंत्र दोरीनं मागं ओढून न्यावं. नाव पुन्हा कधी चुंबकानं उचलू नये. मग जरा थांबून, आवाज खाली करून, “आणि नाना, माझ्या राहिलेल्या फायबरच्या नावांना ती वाट करून द्या. डोलकाठीतून पाण्यात. तुम्ही म्हणता तशी. वो तार-वार, जो भी है.”

“देतो ना,” नाना म्हणाले. “तांब्याची जाड तार लागेल. खाली पाण्यात पत्रा लागेल.”

सेठची भट्टी भंगारावरच पेटली. आमची नाव गंगरेलला आहे. धर्मपाल नागपूरहून परत आला तेव्हा नानांनी त्याला यार्डात गाठून आधी शिव्या घातल्या आणि मग चहा पाजला. तो म्हणाला, “मी उचललं तर उचललं. पुढच्या खंडेनवमीले पट्ट्याची पूजा जरा उशिरा करायले सांगा ना.”

मागच्या ट्यूबवर नानांनी एक लाकडी पाट बांधला आहे. त्यावर होकायंत्र, आणि होकायंत्र वाचायला बसेल त्याच्यासाठी जागा. रेल्वेच्या पिवळ्या रंगात, रेल्वेच्याच अक्षरात त्यांनी पाटावर लिहिलं आहे: साहेबांसाठी राखीव. पाहणीला आलेल्या शरच्चंद्र साहेबांनी ते वाचलं, चपला काढल्या आणि बसले.