आधी हाक

लिफ्ट मेकॅनिकची बायको अंथरुणाला खिळली होती. रोज सकाळी ती एकच स्तोत्र म्हणायची: देवाने हाक ऐकली, मग खड्ड्यातून वर काढलं. आज तो खेकसला, "नुसतं ऐकून काय होतंय? आधी वर काढ म्हणावं!" आणि तिचं उत्तर न ऐकताच कामावर निघाला.

दोन मजल्यांमध्ये अडकलेल्या लिफ्टमध्ये एक बाई दार बडवत होती. हत्यारं काढण्याआधी सवयीप्रमाणे तो ओरडला, "ताई, मी आलोय, घाबरू नका!"

बडवणं थांबलं. लिफ्ट तर तसूभरही हलली नव्हती.

बाईला बाहेर काढेपर्यंत त्याला चैन पडेना. मग त्याने घरी फोन लावला. "सकाळी काय सांगत होतीस? बोल, ऐकतोय."

"नुसतं ऐकून काय होतंय?" ती फणकारली, आणि कितीतरी वेळ बोलत राहिली.