सत्तावीस मिलिमीटर

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, पण गॅरेजमध्ये मोठी मीच. मी ओरडते, तो ऐकतो. बाबा गेल्यापासून आमचं असंच चाललंय आणि बरं चाललंय.

त्या दिवशी मात्र बाबांच्याच जुन्या गाडीचा गिअरबॉक्स उघडला होता. गाडी ऑटोमॅटिक. तिच्या गिअरबॉक्समध्ये एक रुंद साखळी असते, इंजिनाचा जोर ती पुढे गिअरांना देते. वर्षानुवर्षं चालून ती सैल पडते, आणि भर रस्त्यात तुटली की संपलंच. दादाच्या लेकीला बाळ झालं होतं, दुसऱ्या दिवशी दोघांना दवाखान्यातून आणायचं होतं. आमच्या घरातलं प्रत्येक बाळ याच गाडीतून घरी आलंय. माझ्या धाकट्याच्या वेळी बाबांनी इतकी हळू चालवली की एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला, वर वळून हसला मेला. बाबांना त्याचं काही नाही. ते आठवलं की मला अजून भरून येतं. हे बाळही तिच्यातूनच यावं असं दादाला वाटत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही. पण साखळी गेली असेल तर गाडी भंगारात, कारण तशी साखळी आता कुठेच मिळत नाही.

तपासायची बाबांची रीत साधी होती. दोन चक्रांच्या मधोमध साखळी अंगठ्याने आत दाबायची, खडूने खूण करायची. मग बाहेर ओढून दुसरी खूण. मधलं अंतर सत्तावीस मिलिमीटरच्या वर गेलं की साखळी बाद. आणि जो दाबेल त्याने मोजायचं नाही, दुसऱ्याने मोजायचं.

दादाने दाबली, मी मोजलं. पंचवीस. तो लगेच बोल्ट गोळा करायला लागला. मी म्हटलं, थांब, तुझं नखसुद्धा पांढरं झालं नाही. तो चिडला, मग तूच दाब म्हणाला. मी दाबली, त्याने मोजलं. चोवीस! आपला तो बाब्या म्हणतात, ते काही उगीच नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघेनाच.

तेवढ्यात वहिनी डबा घेऊन आली. या गाडीला ती तीस वर्षं सवत म्हणत आलीय, कारण दादाचे सगळे रविवार हिच्या खाली गेले. शिवाय जन्मभर गाद्या शिवलेला तिचा अंगठा. मी म्हटलं, वहिनी, तू दाब. दादा ती कशाला म्हणाला, मी त्याला गप्प बसवलं.

तिने हात पुसले आणि दाबली, मग ओढली. मी दोनदा मोजलं. एकतीस.

दादा स्टुलावर बसला. मला वाटलं वहिनी आता टोमणा मारणार. ती गाडीच्या मागच्या सीटकडे बघत राहिली. लेक झाली तेव्हा तिला मांडीवर घेऊन घरी येताना ती तिथेच बसली होती.

"माझा हात जडच आहे गं," ती म्हणाली. "थोडी हळू दाबते. परत मोज ना."

मी नाही म्हटलं. आयुष्यात कुणाला नाही म्हणताना माझा आवाज कापला नव्हता, तेव्हा कापला.