पिवळ्या लुगड्याची सावली

त्या मंगळवारी विजयमाला वस्तीवर पोचली तेव्हा तिची आई, मायाक्का, डाळिंबांवर लुगडी पांघरत होती. उन्हानं फळं भाजू नयेत म्हणून सांगोल्याकडं बागांना जुनी लुगडी घालतात. मायाक्का तर गावभरातून मागून आणायची.

"आलीस व्हय? ह्ये टोक धर आदी. च्या मागनं."

विजयमाला पाणी तपासणाऱ्या एका संस्थेत होती. राहायला सोलापुरात, पण पायाला भिंगरी. पिशवीत काचेची नळी, मागं धरायचं पांढरं कार्ड आणि औषधाची बाटली. नळीत थेंब टाकले की चांगलं पाणी गुलाबी होतं, फ्लोराइड जास्त असेल तर पिवळं पडतं. फोन फोटो काढून रंगावरून आकडा सांगतो. तीस गावांतल्या बायकांना तिनंच शिकवलं होतं, नळी उन्हात धरू नका, सावलीत धरा. घरच्या विहिरीचं पाणी मात्र तिनं कधी तपासलं नव्हतं.

"आज तुजं पाणी बघू की," ती म्हणाली.

"बघ की. दुष्काळात अख्खी वस्ती जगलीय ह्याच्यावर." मायाक्कानं स्वतः पाणी शेंदून आणलं. लेक दाखवायच्या दिवशी तिचं तोंड पुसावं तशी नळी पदरानं पुसली आणि हसत म्हणाली, "हां, आता घे फोटू."

भर दुपारी सावली होती ती बागेतच. दोघी एका डाळिंबाखाली बसल्या, विजयमालानं थेंब टाकून फोटो काढला. फोनवर तांबडी अक्षरं उमटली: पिण्यास अयोग्य.

"काय म्हनतंय?"

"फ्लोराइड हाय, आई. ह्यानं हाडं धरत्यात."

मायाक्कानं नळीतलं पाणी मातीत ओतलं. मग शेजारच्या घराकडं बघत म्हणाली, "रंभाचं गुडघं माज्या पाण्यानं गेलं व्हय गं?"

रंभाबाई तिची चाळीस वर्षांची मैत्रीण. अलीकडं भिंत धरून चालायची. 'तसं सांगता येत नाही' एवढं म्हणणं विजयमालाला जड नव्हतं. पण सकाळपासूनचं हे चौथं गाव होतं, डोकं उन्हानं दुखत होतं.

"असंल," ती म्हणाली.

निघताना आईनं भाकरी बांधून दिली. पाण्याची बाटली मात्र रिकामीच हातात ठेवली. "वाटंत कुटंतरी चांगलं भरून घे."

संध्याकाळी सोलापुरात दिवसाचा अहवाल भरताना तिनं तो फोटो मोठा करून पाहिला. नळीमागचं पांढरं कार्डसुद्धा पिवळं होतं. डोक्यावर हळदी रंगाचं लुगडं होतं, त्यातून गाळून आलेल्या उजेडानं सगळंच पिवळं केलं होतं. सात वाजले होते, आई जागी असणार. विजयमालानं नंबर काढला आणि थांबली. तीस गावांना शिकवणारीनं अशी चूक करावी! सकाळी जाऊ, पुन्हा तपासू, मग सांगू. तिनं फोन चार्जिंगला लावला.

सकाळी रंभाबाईचाच फोन आला. मायाक्का पहाटे झोपेतच गेली होती.

तेराव्याचा स्वयंपाक टँकरच्या पाण्यावर झाला. त्या शेवटच्या संध्याकाळी मायाक्का घरोघर सांगून आली होती, माझ्या हिरीचं पाणी पिऊ नका म्हणून. विहिरीवर बाभळीच्या फांद्याही तिनंच ओढून टाकल्या होत्या. पंगतीत विजयमाला तेच पाणी वाढत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं त्या फांद्या बाजूला केल्या, पाणी शेंदलं आणि घरामागच्या पांढऱ्या भिंतीच्या सावलीत नळी धरली. गुलाबी. पुन्हा भरली. गुलाबी. तिसऱ्यांदाही तेच.

मागून रंभाबाई भिंत चाचपत आली. "काट्या कशाला काढल्यास गं? मायाक्कानं टाकल्यात त्या."

"पाणी चांगलं हाय, मावशी."

"मग ती काय येडी हुती, दारोदार फिराय? माज्या पायावर डोकं ठेवलं गं तिनं. म्हनली, रंभे, मी तुजं पाय घालवलं."

"तू काय म्हनलीस?"

"म्हनलं, उट भवाने, माज्या आईचंबी गुडघं असंच हुतं, ती काय तुज्या हिरीवर आलती व्हय? पर ऐकतीय कुटं! लेकीनं फोनवर बगितलंय म्हनली. तुज्यावर लई इस्वास तिचा."

विजयमालानं गुलाबी नळी खाली ठेवली. मशीन चुकलं, असं म्हणता आलं असतं, आणि रंभाबाईनं ते मानलंही असतं.

"मशीन न्हाय चुकलं, मावशी. मी चुकले. लुगड्याखाली बसून तपासलं."

"आन् कळलं कवा तुला?"

विजयमालानं विहिरीकडं पाहिलं. आत पाणी खोल गेलं होतं. मग ती बोलली ते रंभाबाईशी नव्हतं, पण तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं होतं.

"आई, तुजं पाणी चांगलं हाय गं. मला त्याच सांजंला कळलं हुतं. लाज वाटली म्हनून मी तुला फोन केला न्हाय."