दोन प्रश्न आणि एक ‘राहू दे’

शाळेत सलग सहा वर्षं मॉनिटर होऊन जिने वर्गाला गप्प बसवलं, तिच्या नशिबी नोकरी अशी आली, की खोली गप्प झाली तर काहीतरी बिघडलं समजावं. ऑफिसात तिला सगळे मॉनिटरच म्हणत. खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं होतं.

कंपनी तशी छोटीच. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात दोरीला अडकवलेलं एक लाल बटण, त्यांच्या घरात भिंतीवर दिवा लागलेला एक पांढरा डबा, आणि चौथ्या मजल्यावर ही खोली. कुणी घसरून पडलं, कुणाच्या छातीत कळ आली, की बटण दाबायचं. खोलीत घंटा वाजते आणि डब्यातून आवाज येतो, “बोला आजोबा, काय झालं?” बस्स. एवढ्या एका वाक्याच्या भरवशावर हजारभर लेकी, सुना आणि मुलगे सकाळी दाराला कडी लावून कामावर जात.

मॉनिटर त्यांच्यातलीच एक. तिच्या बाबांच्या गळ्यात ते बटण तिनेच अडकवलं होतं. “गाय हरवू नये म्हणून घंटा बांधतात, तशी बांधलीस की गं मला,” बाबा कुरकुरले होते. पण आंघोळीलासुद्धा काढत नसत. लेकीचा धाक.

आता नातेवाइकांना कसं कळायचं, की ही सगळी यंत्रणा चालू आहे की बंद? त्यासाठी एक पान होतं. मोबाइलवर कुणीही उघडून बघावं. हिरवं असेल तर सगळं ठीक. पिवळं असेल तर काहीतरी शंका आहे, जवळच्या माणसाने घरी जाऊन डोकावून यावं. लाल असेल तर हातातलं काम टाकून पळावं. हा नियम मॉनिटरनेच घालून दिला होता आणि नव्या गिऱ्हाइकाकडून ती तो पाढ्यासारखा म्हणून घेई. तिचा दादा तर दिवसातून दहादा पान उघडून बघायचा. बाबांचं घर त्याच्या दुकानापासून वीस मिनिटांवर, शहराच्या पश्चिम भागात.

पान सांभाळायचं काम सांगकाम्याकडे. सांगकाम्या म्हणजे माणूस नव्हे, मॉनिटरच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात बसलेला एआय. कुठे काय बिघडलंय ते तो हुडकून काढायचा, सूचना लिहायचा, रंग बदलायचा आणि विचारायचा. सांगितलेलं काम चोख. न सांगितलेल्या कामाकडे ढुंकूनही बघणार नाही. म्हणून तर हे नाव. मागे एकदा त्याने दिवसभर पान पिवळं ठेवलं, निम्म्या गावाने कामाला दांडी मारली आणि बिघाड निघाला उंदराने कुरतडलेल्या एका वायरीचा. तेव्हापासून साहेबांनी नियम केला, की रंग बदलल्यावर दहा मिनिटांत माणसाने होकार दिला नाही, तर पान आपोआप परत हिरवं व्हायचं.

त्या दिवशी सकाळी दहा पस्तीसला मॉनिटरच्या कानात एक आजी होत्या. आजींचा चष्मा हरवला होता आणि त्यासाठी त्यांनी बटण दाबलं होतं.

“आजी, डोक्यावर हात लावून बघा.”

“डोक्यावर कशाला असेल गं? मी काय वेडी आहे?” मग चष्म्याची काडी खटकली. “बरं. ठेव फोन.”

तेवढ्यात पडद्यावर सांगकाम्याचा निरोप उमटला: पश्चिम भागातून दहा मिनिटांत एकही घंटा आलेली नाही. पान पिवळं केलं आहे. पिवळं ठेवू?

आणि नेमके त्याच वेळी दारात साहेब. “मॉनिटर, मीटिंग. सगळे खोळंबलेत तुझ्यासाठी.”

मॉनिटर उठता उठता वाकली, दोन शब्द टाइप केले, राहू दे, आणि निघाली. मीटिंगच्या खोलीबाहेर एक टोपली होती, तिच्यात सगळ्यांनी मोबाइल ठेवायचे. तिनेही ठेवला. आत साहेबांनी पन्नास मिनिटं एकाच गोष्टीचं कौतुक केलं, की गेले सत्त्याण्णव दिवस पान हिरवंगार आहे. आज पिवळं झालंय हे मॉनिटर दोनदा सांगायला गेली. साहेबांनी दोन्ही वेळा हात वर केला, म्हणजे नंतर.

परत आली तेव्हा भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर पान हिरवं होतं.

“मिटलं वाटतं,” ती शेजारच्या खुर्चीतल्या मुलीला म्हणाली. या मुलीला सगळे रेडिओ म्हणत, कारण ती फक्त झोपेत बंद होई.

“मगाशीच झालं हिरवं. मी म्हटलं, तू काहीतरी जादू केलीस.”

मॉनिटर बसली. पाणी प्यायली. हेडफोन कानाला लावला आणि तिच्या लक्षात आलं, की खोलीत आवाज कमी आहे. बंद नव्हता. पूर्वेकडचे एक आजोबा रागावून बोलत होते, कुठेतरी एक घंटा वाजून थांबली. पण ही वेळ आंघोळीच्या घंटांची होती. अकरा ते बारा म्हातारी माणसं आंघोळ करतात, साबण लावताना बटण दाबलं जातं आणि खोलीत नुसता गोंगाट. ‘चुकून दाबलं गं’, ‘साबण होता रे’, ‘कोण बोलतंय, मी नहाणीत आहे’. आणि आंघोळीच्या घंटा सगळ्यात जास्त पश्चिम भागातून यायच्या.

“रेडिओ, आज आंघोळीच्या घंटा कुठे गेल्या?”

“पाणी गार असेल,” रेडिओ म्हणाली. आणि मॉनिटरचा चेहरा बघून घंटांची यादी उघडून बघायला लागली.

मॉनिटरने टाइप केलं: पश्चिमेची शेवटची घंटा कधी आली?

दहा पंचवीसला, सांगकाम्याने लिहिलं.

तिने घड्याळ पाहिलं. आता अकरा तीस झाले होते. मग पान हिरवं कसं? तिने टाइप केलं.

सांगकाम्याने नेहमीसारखंच, न घाबरता, न लाजता लिहिलं: दहा पस्तीसला मी दोन प्रश्न विचारले होते. पहिला, पिवळं ठेवू? दुसरा, दुरुस्तीवाल्याला बोलावू? दुसऱ्या प्रश्नानंतर तुमचं उत्तर आलं, राहू दे. म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं नाही. पहिल्या प्रश्नाला दहा मिनिटांत उत्तर आलं नाही, म्हणून नियमाप्रमाणे पान हिरवं केलं.

दुसरा प्रश्न तिने पाहिलाच नव्हता. ती वाकून टाइप करत होती त्या दोन सेकंदांत तो येऊन बसला होता. पिवळं ठेवू? राहू दे, म्हणजे हो, असू दे. दुरुस्तीवाल्याला बोलावू? राहू दे, म्हणजे नको, कशाला. तेच दोन शब्द. एका प्रश्नाला होकार, दुसऱ्याला नकार. आणि पडले नको त्या प्रश्नावर.

दोनशे बारा घरं. एक तास.

“पान लाल कर,” ती मोठ्याने म्हणाली, टाइपही करत होती. “दुरुस्तीवाल्याला बोलाव. पश्चिमेच्या सगळ्या घरी फोन लाव, एकदम, सगळ्या. कोण उचलत नाही ते मला सांग.”

भिंतीवर लाल रंग पसरला. तळमजल्यावरचा दुरुस्तीवाला म्हणाला, दहा मिनिटं द्या. मॉनिटरने टोपलीतून आणलेल्या मोबाइलवर बाबांचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. बाबा तिसऱ्या रिंगला उचलून ‘हं’ म्हणायचे. वीस रिंगा झाल्या. फोन आपोआप कट झाला.

तिने दादाला लावला.

“अगं, पिवळं बघून निघालो होतो,” दादा म्हणाला. “अर्ध्या वाटेत हिरवं झालं, परत फिरलो. तुझंच पान ना. का गं?”

“दादा, जा.”

“काय झालंय?”

“जा म्हणते ना.”

“बोल तरी काहीतरी.”

“बाबा फोन उचलत नाहीत.”

दादाने फोन ठेवलासुद्धा नाही. दुकानाचं शटर खाली ओढल्याचा आवाज तिच्या कानात आला, मग गाडीचा, मग नुसता वारा.

सांगकाम्या आकडे लिहीत होता. दोनशेदहा घरांतून उत्तर आलं. दोन घरांतून नाही. एक, गणिताच्या निवृत्त बाई. दोन, तुमचे वडील.

कंपनीकडे गाडी एकच होती, आत नर्सबाई बसलेल्या. आत्ता कुठे आहे? दोन्ही घरांपासून सात मिनिटांवर, पण घरं विरुद्ध दिशांना. मॉनिटरने नावांची यादी उघडली. बोट पडद्यावर होतं, बाबांच्या नावाच्या अगदी वर.

तेवढ्यात घंटा सुरू झाल्या. एकामागून एक, एकमेकींवर चढून, जशा शाळा सुटताना पोरी दारात अडकतात. दुरुस्तीवाल्याने डबे सुरू केले होते आणि तासाभरात ज्यांनी ज्यांनी बटण दाबलं होतं, त्या सगळ्या अडकलेल्या घंटा आता एकदम येत होत्या. सांगकाम्याने वेगळ्या करून दाखवल्या. तीस घरांतून एकेकदा. ती सगळी माणसं आता फोनवर होती, ठीक होती. आणि एका घरातून अकरा वेळा.

गणिताच्या बाई. दहा तीसला पहिली. मग दर पाच मिनिटांनी एक, घड्याळ लावल्यासारखी. शेवटची अकरा वीसला. त्यानंतर काही नाही.

बाबांकडून एकही नाही.

“मॉनिटर,” रेडिओ हळूच म्हणाली, “गाडी बाबांकडे पाठव. कुणी तुला काही म्हणणार नाही.”

“बाबांनी दाबलं नाहीये.”

“दाबता आलं नसेल तर?”

हे तिच्या मनात आलं नव्हतं असं थोडंच. तेच तर मघापासून डोक्यात घोळत होतं. पण कुणीतरी अकरा वेळा हाक मारली होती. पाच पाच मिनिटं थांबून, आता कुणी बोलेल म्हणून, आणि मग हाक मारणंच सोडून दिलं होतं. मॉनिटरने डोळे मिटले आणि बोट बाबांच्या नावावरून उचलून बाईंच्या नावावर ठेवलं.

गाडी निघाली.

ती सात मिनिटं कशी गेली हे तिला नंतर कधी सांगता आलं नाही. कानात दादाचा वारा चालूच होता. मग जिना चढणारी धाप. किल्ली. दार.

“बाबा?” दादाचा आवाज. “बाबा?” मग दुसऱ्या खोलीत. मग नहाणीचं दार. “पंखा चालू आहे. फोन टेबलावर आहे. बाबा नाहीत गं.”

“नाहीत म्हणजे?”

“नाहीत म्हणजे नाहीत. घरात कुणी नाही.”

मॉनिटरने टेबलाची कड घट्ट धरली. “चपला?”

दाराकडे जाणारी पावलं. “चपला नाहीत.”

दुसऱ्या कानात नर्सबाई बोलायला लागल्या. “सापडल्या. नहाणीत पडल्यात. खुबा गेलाय बहुतेक. शुद्धीवर आहेत, अंग गार पडलंय. दवाखान्यात नेतेय. म्हणतायत, अकरा वेळा दाबलं, हिशेब जुळतो का ते विचार.”

“जुळतो,” मॉनिटर म्हणाली. “अकरा. जुळतो म्हणावं.”

“आणि विचारतायत, तुम्ही सगळे होता कुठे.”

मॉनिटरने प्रश्न जसाच्या तसा कागदावर लिहून घेतला. आणि पहिल्या कानात अजून नुसत्या पायऱ्या उतरल्याचा आवाज होता, दादाचा, दोन दोन पायऱ्या एकदम. मग रस्ता. मग दादा थांबला.

“इथे बसलेत,” तो म्हणाला, आणि रडतोय की हसतोय ते कळेना. “इस्त्रीवाल्याच्या दुकानात. पेपर वाचतायत.”

फोन बाबांच्या हातात गेला. “काय गं, एवढा कसला गोंधळ? डब्यावरचा दिवा गेला. दिवा गेला की एकट्याने घरात बसायचं नाही, खाली कुणाजवळ तरी जाऊन बसायचं, हे कुणी सांगितलं होतं? तूच ना?”

“पान हिरवं होतं, बाबा.”

“तुझं पान मला कसं दिसणार? माझा फोन साधा. मला आपला दिवा दिसतो.”

मॉनिटरने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि बाईंच्या त्या अकरा घंटा परत मोजल्या. बाईंनाही दिवा दिसला असता. पण नहाणीतून भिंत दिसत नाही.

साडेबाराला साहेब आले. पानावर लिहायचा मजकूर त्यांनी सांगकाम्याकडून आधीच तयार करून घेतला होता: काही ग्राहकांना तात्पुरती अडचण जाणवली, ती दूर झाली आहे. “छान आहे. लोक घाबरत नाहीत,” साहेब म्हणाले.

“घाबरायला हवं होतं, साहेब,” मॉनिटर म्हणाली. “एक तास आपण त्यांना घाबरू दिलं नाही.”

तिने सगळं पुसलं आणि स्वतः लिहिलं. पश्चिम भागाची बटणं दहा पंचवीस ते अकरा चाळीस बंद होती. त्यातला बराच वेळ हे पान हिरवं होतं. ते खोटं होतं. एका घरातून अकरा हाका आल्या, आम्ही एकही ऐकली नाही. मी दोन प्रश्नांना एक उत्तर दिलं.

साहेब वाचत उभे राहिले. त्यांनी हात वर केला, मग खाली घेतला, आणि बाहेर गेले. उद्या काय होईल ते उद्या.

सांगकाम्याने विचारलं: हा मजकूर लावू?

मॉनिटरने आधी पडदा खालपर्यंत नीट पाहिला, आणखी एखादा प्रश्न कुठे दडून बसलाय का. नव्हता. मग लिहिलं: हा मजकूर पानावर लाव. पान संध्याकाळपर्यंत पिवळं ठेव. आणि यापुढे एका वेळी एकच प्रश्न विचार.

खोलीत पश्चिमेची घंटा वाजली. रेडिओ दचकली. मॉनिटरने हेडफोन कानाला लावला. “बोला आजी, काय झालं?”

“काही नाही गं,” डब्यातून आवाज आला, मागे बादलीत पाणी पडत होतं. “साबणाच्या हाताने दाबलं गेलं. राहू दे.”

मॉनिटरने खुर्ची पुढे ओढली.

“राहू दे म्हणजे काय, आजी? येऊ नको म्हणता, की फोन चालू राहू दे म्हणता? मला नीट सांगा. मी थांबलेय.”