काचेवरची लय

ताईचं बोट पुन्हा घसरलं. लय हलायच्या ऐवजी ढोलच बंद पडला आणि रंगमंचावर तिची धाकटी बहीण हात वर धरून तशीच उभी राहिली.

"ताई, ढोल कुठे गेला?"

"खड्ड्यात गेला! आणते परत."

प्रेक्षकांच्या मागे, वरच्या काचेच्या खोलीत बसून ताई तेरा वर्षं धाकटीच्या नाचाचं संगीत चालवत होती. संगीत सगळं कॉम्प्युटरमध्ये, आणि ते हाताळायला पुढ्यात सरकत्या बटणांची एक पेटी. बटणं झिजून गुळगुळीत झाली होती, पण कुठलं कुठे आहे ते बोटांना पाठ होतं. गेल्या आठवड्यात पेटीने मान टाकली आणि व्यवस्थापकाने तिच्या जागी टॅबलेट आणून ठेवला. "सगळी बटणं काचेवर. बोट लावलं की काम," म्हणाला. त्याचं काय जातं सांगायला! काचेला ना उंचवटा ना खाच. बघितल्याशिवाय बटण सापडायचं नाही, आणि खाली बघणं ताईला परवडणारं नव्हतं.

कारण धाकटीचा उजवा गुडघा. तो आणखी एकदा मुरगळला तर नाच कायमचा संपला, असं डॉक्टरने बजावलं होतं. शेवटच्या चार गिरक्यांआधी गुडघा थरथरताना दिसला, की ताई लयीचं बटण केसभर खाली ओढायची. प्रेक्षकांना पत्ता लागायचा नाही. धाकटीलाही नाही, असं ताई धरून चालली होती. धाकटी नाकावर माशी बसू देणारी नव्हे. "जरा जपून," म्हणाला म्हणून तिने एक डॉक्टर बदलला होता. ताई लय हळू करते हे कळलं असतं, तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं.

प्रयोग उद्यावर आला होता. तालीम पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मध्येच टॅबलेटचा पडदा काळा झाला, ताईने तो जागा केला. दोन बोटं एकदम लागली, तर भलतंच पान उघडलं. ताईने दात-ओठ खात ते मिटलं. एवढ्यात शेवटच्या गिरक्या आल्या आणि गुडघा थरथरला.

ताईने बोट ओढलं. लय जागची हलली नाही. कोरडं बोट त्या मेल्या काचेला कळलंच नव्हतं! तिने बोट जिभेला लावलं, खाली बघितलं, लयीच्या बटणाची पट्टी शोधली. तेवढ्यात रंगमंचावरून धप्पकन आवाज आला.

ताई जिना धडाधड उतरून पोचली, तेव्हा धाकटी फळ्यांवर बसून गुडघा चाचपत होती.

"मुरगळला?"

"नाही. बुडावर आपटले."

"आग लागो त्या यंत्राला! मी आत्ताच्या आत्ता नेऊन..."

"तू खाली बघत होतीस," धाकटी म्हणाली. "मी वर पाहिलं तर नुसतं तुझं टाळकं."

"वर कशाला पाहायचं, नाचताना?"

"दरवेळी पाहते. तू बघतेयस हे दिसलं की मग गिरकी घेते."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"लय हळू झालेली मला कळणार नाही? नाचते ना मी?" धाकटीने मान फिरवली. "पण बोलले असते तर गुडघ्याचं कबूल करावं लागलं असतं."

ताईला तिचा राग आला आणि रडूही आलं. दोन्ही गिळून ती धाकटीच्या पिशवीपाशी गेली. त्यात गुडघ्याला बांधायच्या पट्ट्याचं रिकामं खोकं होतं. ते घेऊन ती वर आली. पुठ्ठ्यात बोटभर रुंदीची उभी खाच कापली आणि ती लयीच्या पट्टीवर येईल असा पुठ्ठा काचेला चिकटवला. वरचं टोक म्हणजे नेहमीची लय, तळ म्हणजे हळू. शेजारी ओलं फडकं ठेवलं. काम ओबडधोबड होतं, पण बोटाला वाट मिळाली.

धाकटी उभी राहिली. व्यवस्थापक आणि दिवेवाला खुर्च्यांत येऊन बसले होते. शेवटच्या गिरक्या आल्या. ताईने गुडघ्यावरची नजर न हलवता बोट खाली ओढलं. लय उतरली.

धाकटीने मान वर केली आणि सगळ्यांच्या देखत ओरडून म्हणाली, "ताई, अजून थोडी हळू."

ताईने बोट तळाला नेलं.