न चाखणारी सुगरण

नवरा साथ देत नाही म्हणून रडणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. साथ फार झाली म्हणून जीव गुदमरलेली बाई बहुधा मी एकटीच असेन, आणि हे कुणाला सांगायची सोय नाही. सांगितलं तर लोक म्हणतात, हिला सुख टोचतंय. समोरच्या ज्योत्स्नाबेन तर तोंडावर म्हणतात, "निरुबेन, तमे तो बहु नसीबदार!" मी हसते आणि दार लावून घेते.

याचं मूळ एका सिनेमात आहे. एका रविवारी माझे यजमान हेरंब मला सिनेमाला घेऊन गेले. त्यात एक बाई छान स्वयंपाक करते, तिचा नवरा नोकरी सोडून तिच्या पाठीशी उभा राहतो, आधी सगळं बिघडतं, मग गाणं लागतं, मग सगळं जमतं, आणि शेवटी भरल्या सभागृहात ती बाई म्हणते, हे सगळं यांच्यामुळे. हेरंबांनी रुमाल काढला. बाहेर येऊन स्कूटर काढताना म्हणाले, "निरू, मी तुझ्यासाठी काहीच केलं नाही गं." मी म्हटलं, "अहो, स्कूटर काढा आधी, मागे गाड्या खोळंबल्यात." पण त्यांच्या मनात एकदा शिरलं की शिरलं. वर्ष उलटायच्या आत त्यांनी विम्याच्या कचेरीतली नोकरी सोडली आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले.

मला हौस होती हे खोटं नाही. हौस कसली, महत्त्वाकांक्षाच म्हणा, त्यात लाजायचं काय? आमच्या बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या घरून मी कितीतरी वर्षं दिवाळीचा फराळ आणि गणपती-गौरींची नैवेद्याची ताटं करून देत होते. घडियाळी पोळाच्या गल्लीतल्या मराठी घरांत माझी अळूची भाजी गेलेली आहे. बडोद्यात लोकांनी म्हणावं, अळू खावं तर निरुपमाच्या हातचं, एवढंच मला हवं होतं.

आता आमच्या घरची रीत सांगते. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय आमच्याकडे कुणी काही तोंडात घालत नाही, स्वयंपाक करणारीने तर नाहीच नाही. देवाला उष्टं चालत नाही. हेरंब लहानपणापासून हे बघत आले, पण बाहेरच्या खोलीतून बघत आले. आत काय चालायचं ते मला माहीत. लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत सासूबाईंनी डाव तिरका करून माझ्या तळहातावर अळूचा थेंब टाकला आणि म्हणाल्या, "चाख."

मी बिचकले. त्या म्हणाल्या, "अगं, डावाला तोंड लावलं तर उष्टं. हातावर घेतलं तर ती नुसती परीक्षा. अळूची खाज डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला कळत नाही. न चाखता पुढे ठेवलंस आणि देवाचाच घसा खवखवला, तर आशीर्वाद कोण देणार?" मग मला हात धुवायला लावला आणि वर बजावलं, "हे पुरुषांपाशी बोलायचं नाही. त्यांना उगाच शास्त्र सुचतं." त्यांना त्यांच्या सासूने हेच शिकवलं होतं. त्यामुळे मला यात कधी पाप वाटलं नाही, आजही वाटत नाही.

हेरंबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात त्यांच्या हाती माइक आला आणि त्यांनी जाहीर केलं, "आमची ही नैवेद्याचा स्वयंपाक न चाखता करते. इतकी वर्षं झाली, एकदा मीठ चुकलेलं नाही!" टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते. उठून काय सांगणार? पुढे हेच त्यांनी खोक्यांवर छापून घेतलं: 'न चाखता, खास देवासाठी'. मागणी वाढत गेली. ज्यांनी माझ्या हातचं कधी खाल्लेलं नाही, तेही ताटं सांगू लागले. म्हणजे माझ्या हाताला नव्हे, माझ्या बंद तोंडाला गिऱ्हाईक आलं.

पूर्वी ते कचेरीत गेले की स्वयंपाकघर माझं असे. सणाच्या सुट्टीतसुद्धा ते बाहेर पूजेच्या तयारीत असत. आता सकाळपासून ओट्यापाशी. नारळ खवतील, डबे पुसतील, लोकांचे कौतुकाचे मेसेज मोठ्याने वाचून दाखवतील. मला थेंबभर चाखायचीही सोय उरली नाही. सुरुवातीला मी युक्ती केली. "अहो, कोथमीर संपली, जरा खंडेराव मार्केटला जाऊन या." ते जिना उतरले की हातावर थेंब घ्यायचा. दोनचारदा जमलं. मग त्यांनी पहाटेच ढीगभर कोथमीर आणून ठेवायला सुरुवात केली. "तुझा खोळंबा नको," म्हणाले. फ्रिज उघडला की जुड्या अंगावर येत. लिंबं, आलं, मिरच्या, सगळं माझ्या आधी हजर. मी जरा मागे वळले की लगेच, "काय हवं, निरू?"

तुम्ही तेवढे बाहेर जायला हवे आहात, हे कसं म्हणायचं? माझ्यासाठी नोकरी सोडून आलेल्या माणसाला? आमच्या स्वयंपाकघराला एकच दार आहे, आणि त्या दारात ते प्रेमाने उभे असत. काही दिवशी मला वाटायचं, ओरडावं. पण ओरडायला निमित्त लागतं, आणि ते देतील तर हेरंब कसले!

अशात गणेश चतुर्थी आली. अळू आणायला हेरंब गेले होते. नेहमीच्या बाईकडचं न घेता त्यांनी दुसरीकडून घेतलं, ताजं टवटवीत दिसलं म्हणून. पानं हातात घेताच माझ्या मनात पाल चुकचुकली. नवीन ठिकाणचं अळू, किती खाजरं असेल कोण जाणे. चिंच किती घालायची ते चाखल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि हे महाशय मोबाइल घेऊन माझं चित्रीकरण करत होते. "कर तू, कर. माझ्याकडे बघू नको. सगळ्या बडोद्याला दिसू दे कसं न चाखता करतात ते."

मी अंदाजाने चिंच घातली. जास्त घातली तर आंबटढोण, कमी घातली तर खाज.  ताटं गेली. आमचाही नैवेद्य झाला, आम्ही जेवायला बसलो. हेरंबांनी अळूभाताचा पहिला घास घेतला, खोकले, घटाघटा पाणी प्यायले आणि म्हणाले, "वा! निरू, काय हात आहे तुझा!" वर पुन्हा वाढून घेतलं.

मग मी घास घेतला. घशात कुसळं टोचावीत तसं झालं. मी त्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी, आणि तोंडभर हसू. "ठसका लागला जरा," म्हणाले.

दुपारभर मी फोनची वाट पाहत होते. आता कुणीतरी रागावणार, कुणीतरी ताट परत पाठवणार. मला ते हवंच होतं. फोन आले, सगळे कौतुकाचे. आमचं जुनं गिऱ्हाईक असलेल्या प्रतापसिंहरावांच्या घरच्या सुहासिनीवहिनी म्हणाल्या, "निरुपमाबाई, प्रसाद फारच सुंदर हं," आणि मग बराच वेळ घसा खाकरत राहिल्या. मागून आणखी कुणीतरी खाकरत होतं. प्रसादाला नावं ठेवू नयेत, हे आपल्याकडे बोलायला लागलेल्या मुलालाही शिकवलेलं असतं. म्हणजे मी उद्या खोक्यात भुसा भरून पाठवला, तरी तो गोड मानून घेतला जाणार होता.

त्या दिवशी मला कळलं मी कशात अडकले आहे ते. परक्यांचं एक वेळ सोडा. पण या माणसाने लग्न झाल्यापासून माझ्या प्रत्येक घासाला 'वा' म्हटलं होतं, आणि आज घसा सोलवटला तरी 'वा' म्हणाला. मग ज्या दिवशी खरोखर चांगलं झालं होतं, त्या दिवसाचं 'वा' तरी माझं होतं का? मला फार एकटं वाटलं. ते बाजूला बसून सुपारी कातरत होते आणि मला एकटं वाटत होतं.

मधले दिवस मी कामापुरतं बोलले. त्यांना वाटलं मी थकले आहे, म्हणून ते आणखीच मदत करू लागले.

गौरी जेवणाच्या दिवशी सकाळपासून पुरण, कटाची आमटी, सगळं झालं, आणि शेवटी अळू रटरटायला लागलं. खोकी ओळीने मांडलेली होती. हेरंब झाकणं पुसत होते. मी डाव बुडवला आणि म्हटलं, "अहो, हात पुढे करा."

ते वाटी द्यायला लागले. "वाटी नको. तळहात."

त्यांनी हात पुढे केला. मी डाव जरा निववून त्यावर अळूचा थेंब टाकला. "चाखा."

"निरू, नैवेद्य व्हायचाय!"

"म्हणूनच चाखा."

"अगं, पण खोक्यांवर आपण..."

"खोक्यांवर तुम्ही छापलंत. मी या घरात आल्यापासून चाखते आहे. तुम्ही कोथमिरीला जात होतात तेव्हाही चाखत होते. मला आईंनी शिकवलं."

बायको चाखते याचं त्यांना फार वाटलं नसावं. "आई?" एवढंच ते म्हणाले. "आई चाखायची?"

"चाखायच्या. त्यांच्या सासूबाईही चाखायच्या. म्हणून तर तुमच्या घराण्याचे घसे शाबूत राहिले."

ते बाहेरच्या खोलीकडे बघत राहिले. तिथे गौरी नटून बसल्या होत्या, समया लागल्या होत्या. तळहातावरचा थेंब मनगटाकडे ओघळायला लागला. मला वाटलं, आता हे हात धुऊन टाकणार, मला समजावणार, आणि मी जन्मभर या ओट्याशी वाहवा ऐकत उभी राहणार. मला खरंच भीती वाटली.

त्यांनी डोळे मिटले आणि थेंब चाटला. गळा हलला. ओठ सवयीने उघडले आणि 'वा' यायच्या बेतात होतं.

"खरं सांगा," मी म्हटलं. "खोटं बोललात तर हा गॅस आज बंद झाला तो झालाच."

त्यांनी झाकणं पुसायचं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाले, "घसा धरतोय गं. त्या दिवशीही धरला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तू खचशील म्हणून. नोकरी सोडून तुझ्यामागे उभा राहिलो, आणि पहिल्याच गणपतीला तुला नावं ठेवू?"

"आणि त्याच्या आधी? इतकी वर्षं?"

"पहिल्या वर्षीचं पन्हं," ते खाली बघून म्हणाले. "मिठाऐवजी सोडा पडला होता त्यात. मी दोन पेले प्यालो."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सुहासिनीवहिनी. त्यांचा आवाज मला ओट्यापर्यंत ऐकू येत होता. "हेरंबभाई, ताटं निघाली ने? आणि न चाखलेलंच आहे ने? आमच्या सासूबाई सारखं विचारतायत."

हेरंबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, डोळ्यांनी खूण केली नाही. नोकरी त्यांनी मला न विचारता सोडली होती. आता हे एक वाक्यही त्यांनी मला न विचारता बोलायचं होतं.

"नाही, वहिनी," ते म्हणाले. "आज चाखलंय. मीच चाखलंय. आणि आमच्याकडे नेहमीच चाखून करतात, हे मला आत्ता कळलं."

पलीकडे सासूबाईंशी कुजबुज झाली. मग, "बरं, मग राहू द्या, हेरंबभाई. आम्ही घरीच वरणभाताचा नैवेद्य दाखवतो." फोन बंद झाला.

हेरंब स्टुलावर बसले. चेहरा उतरला होता, कचेरीतून शेवटच्या दिवशी आले तेव्हाही इतका उतरला नव्हता. मला वाटलं, जाऊन पाठीवर हात ठेवावा. पण हात अळूने भरलेले होते. त्यांनीच चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाकीच्यांनाही सांगायला हवं ने. ताटं पोचायच्या आत." आणि दुसरा नंबर लावला.

मी चिंचेचा कोळ घातला, गूळ घातला, पुन्हा उकळी आणली. ते कुणाला तरी सांगत होते, "हो हो, चाखूनच. तुमची इच्छा असेल तर पाठवतो, नसेल तर..." मी त्यांच्या मोकळ्या हातावर थेंब टाकला. बोलता बोलता त्यांनी चाटला. फोनवरच्या माणसाला म्हणाले, "एक मिनिट हं," आणि माझ्याकडे वळून कपाळाला आठ्या घालून मान हलवली. "नाही. अजून नाही. चिंच हवी."

मला असा संताप आला! जन्मात पहिल्यांदा या माणसाने माझ्या स्वयंपाकाला 'नाही' म्हटलं होतं, आणि तेही फोनवरच्याला ताटकळत ठेवून, जसे काही मोठे जाणकारच. माझे डोळे भरून आले. मी चिंचेचा आणखी एक गोळा कोमट पाण्यात टाकला आणि म्हटलं, "फोनवर हळू बोला. आणि तो हात धुऊन पुन्हा पुढे करा."