चार मार्कांचा धडा

प्रांजलीने जर्मनमधला पहिला शब्द पाठ केला, तेव्हा स्वयंपाकघरातली खुर्ची गेली. शब्द खुर्चीचाच होता. श्टूल. तिसऱ्यांदा तो नीट जिभेवर बसला आणि खुर्चीवरची दुधाची पिशवी अलगद फरशीवर उतरली.

इंदुमतीने पिशवी उचलून ओट्यावर ठेवली. लेकीचा अकरावीचा अर्ज भरतानाच कॉलेजातल्या बाईंनी सांगितलं होतं, "मराठी घेतलं तर पोरं सत्तरच्या वर सरकत नाहीत. जर्मनला शंभरातले शंभर पडतात. पुढच्या प्रवेशाला टक्के लागणारच ना? घरातलं जातं थोडं. सगळ्यांचंच जातं." एवढं बोलून त्यांनी पेन पुढे केलं होतं.

सांगलीतल्या त्या दोन खोल्यांत मायलेकीच राहायच्या. इंदुमती ब्लाऊज शिवायची. जर्मन तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण पाठांतर तीच घ्यायची. पुस्तक मांडीवर, बोट ओळीवर. मोबाइलवरचे उच्चार ऐकून ऐकून कान मात्र तयार झाला होता. लेक अडली की बोट थांबायचं.

ब्रोट आलं तशी तव्यावरची भाकरी गेली, तवा तापत राहिला. फेन्स्टर म्हणताच खिडकीच्या जागी गुळगुळीत भिंत आली. इंदुमतीने दिवा लावला.

"शिवणाचं मशीन कितव्या धड्यात गं?"

"सहाव्या."

"मग बुधवारपर्यंत थांब. देशमानेवहिनींचे तीन ब्लाऊज हातावेगळे होऊ देत."

वहिनी ब्लाऊज न्यायला आल्या. त्यांच्या मुलाने फ्रेंच घेतलं होतं. "सुटल्यासारखं वाटतं बघ," त्या म्हणाल्या. "झाडायचं काय नि पुसायचं काय."

"आणि कुटुंबाचा धडा?"

"तो आमच्याकडे दुसऱ्या सत्रात आहे." निघताना त्यांनी दाराशी चपला शोधल्या. "पाठ झालेलं दिसतंय," म्हणत अनवाणीच जिना उतरल्या.

बुधवारी मशीन गेलं. इंदुमती भिंतीला टेकून बसली. तिचे पाय सवयीने खालीवर होत राहिले, आणि त्या तालावर ओवीही ओठांवर आली.

*लेक निघाली शिकाया, वाट डोंगराच्या पार*
*तिच्या पाटीवर माझ्या उंबऱ्याचा गं आकार*

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी एकच धडा उरला होता. घरात आवाज घुमत होता.

"हा मी ऑप्शनला टाकते," प्रांजली म्हणाली.

"कुठला?"

"कुटुंब."

"किती मार्कांचा?"

"चार."

"अर्ध्या मार्काने पोरी घरी बसतात, आणि तू चार सोडतेस?"

"आई, पहिलीच ओळ तू आहेस."

"मग लवकर आटपेल."

इंदुमती उठली. डोक्याला चोळायला तेल नव्हतं, तेव्हा नुसत्या पाण्याने केस सारखे केले. ठेवणीतलं लुगडं दुसऱ्या धड्यातच गेलं होतं. अंगावरचाच पदर तिने नीट खोचला. "दूधवाल्याला उद्यापासून अर्धाच लिटर सांग," म्हणाली. "आणि पेपराला दोन पेनं ने. एक दगा देतं." मग फरशीवर मांडी घालून बसली. पुस्तक मांडीवर घेतलं, पहिल्या ओळीतल्या ‘मुटर’वर बोट ठेवलं. दिवसभर राबून आल्यावर माणूस जसं टेकतं, तशी ती बसली होती.

"म्हण."

प्रांजलीने आईच्या बोटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मोटर."

काही झालं नाही. तिने हळूच वर पाहिलं. आई होती.

"मोटर नाही," इंदुमती म्हणाली. "काल तर बरोबर ऐकत होतीस. परत."

"मातर."

"मुद्दाम करू नकोस, बाळ. दमलेय मी."

प्रांजलीने ओठ मिटले, पण आत शब्द जिभेवर नीट बसत चालला होता. बोट ओळीवरून हललं नाही. नखाखालची छापील अक्षरं आता नखातून वाचता येत होती.

"परत म्हण."